सात घरांची वाट

दात घासायला राखुंडी घ्यावी म्हणून कमलाकांत सकाळी स्वयंपाकघरात गेला, तर आत काळोख. रोज या वेळी मागच्या कोपऱ्यातल्या बुटक्या दारातून शेजारच्या मोरोपंत वकिलांच्या चौकातला उजेड आत यायचा आणि चुलीपर्यंत पसरायचा. आज उजेड नव्हता. दार ढकलायला त्यानं सवयीनं हात पुढे केला आणि हाताला ओला चुना लागला. हात मागे घेऊन तो नुसता उभा राहिला. क्षणभर त्याला वाटलं, आपण झोपेत दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो. मग डोळे सरावले. दाराच्या जागी विटा होत्या, नव्या, नीट रचलेल्या, सांध्यातला चुना अजून वाळायचा होता. तो भ्याला. भ्यायचं कारण अजून कळलं नव्हतं, पण कमलाकांत भित्रा माणूस होता आणि त्याची भीती कारणासाठी थांबत नसे.

"काल दुपारी गवंडी आले," मागून गोदावरी म्हणाली. तिचा नववा महिना सरत आला होता, भिंतीचा आधार घेत ती सावकाश येऊन उभी राहिली. "मोरोपंतांच्या बाजूनंच बांधली. मी विचारलं तर म्हणाले, नकाशात इथं भिंतच आहे, दार नाहीच."

"मग काल रात्री का नाही बोललीस?"

"तुमचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, सकाळी सांगावं." ती थोडी थांबली. "नकाशात खरंच दार नाही का हो?"

कमलाकांत खुंटीवरच्या बाराबंदीकडे वळला. तो कॅम्पातल्या नझुलाच्या कचेरीत नकाशे काढणारा कारकून होता. गावातल्या जागांची मोजणी करायची, कुणाची हद्द कुठे ते कागदावर उतरवायचं, हे त्या कचेरीचं काम. बुधवाऱ्यातल्या या बोळाचा नकाशा दोन वर्षांपूर्वी त्यानंच काढला होता. बाराबंदी घालत त्यानं एवढंच म्हटलं, "संध्याकाळी बघतो," आणि जेवण अर्धवट टाकून तो निघाला.

बोळातून बाहेर पडताना त्यानं मागे वळून पाहिलं. एका रांगेत सात घरं. पहिलं परकोटाच्या खिडकीला लागून. खिडकी म्हणजे कोटाच्या भिंतीतलं माणूस वाकून जाईल एवढं दार, पलीकडे माळ्यांच्या वाड्या. शेवटचं, सातवं, कमलाकांतचं, आणि त्याच्या मागे देवळाची आंधळी भिंत. बोळातून पाहिलं तर सात वेगळी घरं, सात वेगळी दारं. पण आतून, स्वयंपाकघरांच्या ओळीनं, प्रत्येक घराला मधलं दार होतं. त्या दारांमधून बायका पहिल्या घरापासून सातव्यापर्यंत जात, बोळात पाऊल न टाकता. पाणी, विस्तव, विरजण, निरोप, रडणं, सगळं त्या वाटेनं यायचं. सुईणही त्याच वाटेनं यायची. वाडीतली पार्बताबाई खिडकीतून वाकून आत शिरे आणि घरामागून घर ओलांडत बाळंतिणीपाशी पोचे. पुढच्या दारानं सुईण येताना दिसली तर सगळ्या गावाची नजर पोटावर पडते, असं सातही घरांत मानत. म्हणून तर पुरुष कॅम्पात गेले की सातही घरांची पुढची दारं आतून अडसर घालून बंद व्हायची. पुढच्या दाराचं दुपारी कुणाला कामच नसे.

परकोटाच्या दरवाजाबाहेर पडलं की रस्ता सरळ व्हायचा. रुळांचं फाटक ओलांडलं की तर तो इतका सरळ व्हायचा की कमलाकांतला रोज एकदा तरी मागे वळून पाहावंसं वाटे. दोन्ही बाजूंना कडुलिंबांच्या रांगा, मागे कुंपणं, कुंपणांच्या आत लांबवर बंगले, आणि माणूस कुठेच नाही. गावात कुणी ना कुणी हटकायचं: काय पंत, आज उशीर? इथे कुणी हटकत नसे. इथे चालणारा माणूस अर्ध्या मैलावरून दिसायचा आणि त्याला बघणारा मात्र दिसायचा नाही. वऱ्हाड नागपूरच्या प्रांताला जोडल्यापासून कॅम्पात नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. बोळातले सगळे शिकलेले पुरुष रोज सकाळी या रस्त्यावरून चालू लागले आणि दुपारभर गाव बायकांवर सोपवून मोकळे झाले. कमलाकांतला दोन्ही ठिकाणची भीती वाटे. बोळात कुणी तरी सतत बघतंय याची, आणि इथे कुणीच बघत नाही याची. आठ वर्षं तो या दोन भीतींमध्ये ये-जा करत होता आणि आपल्याला सवय झाली असं समजत होता.

कचेरीत त्यानं कपाटातून बोळाचं पान काढलं. कुणी पाहत नाहीसं बघून ते टेबलावर पसरलं. सहाव्या आणि सातव्या घरामध्ये एक काळी, भरीव, अखंड रेघ होती. रेघ सुंदर होती, त्याच्या सगळ्या रेघा सुंदर असत. खाली त्याचीच सही. मोरोपंतांनी याच पानाची नक्कल काढून नेली होती, महिन्यापूर्वी, त्याच्याच समोरून. नक्कल देताना त्यानं विचारलंही नव्हतं कशाला हवी म्हणून. मोरोपंतांना बोळातलं घर विकून कॅम्पाच्या बाजूला बंगली बांधायची होती, हे सगळ्या बुधवाऱ्याला ठाऊक होतं. घेणाऱ्याला आपल्या स्वयंपाकघरातून शेजारणींनी जावं-यावं हे नको असणार, हेही कुणाला सांगायची गरज नव्हती. कमलाकांतनं त्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाखाली कागद गुळगुळीत होता, सकाळचा चुना मात्र अजून नखात होता.

ती रेघ काढली त्या दिवशी साहेब स्वतः बोळात आला होता. घोडा बाहेर ठेवून, टोपी हातात घेऊन, मोजणीची साखळी ओढणाऱ्यांच्या मागून तो एकेका घराच्या ओसरीपर्यंत येत होता, आणि बोळातल्या पुरुषांनी अंग चोरून वाट दिली होती. साहेबाबरोबर निरीक्षक शेषराव. सातव्या घराशी आले तेव्हा शेषरावांनी हसून म्हटलं होतं, "साहेब, हे आपल्या कारकुनाचंच घर." साहेबही हसला आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत आत आला. कमलाकांतला कानकोंडं झालं. आपल्या घरातली धुरकटलेली भिंत, उतरंड, वाळत घातलेलं लुगडं, हे सगळं कॅम्पातल्या माणसांच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच दिसलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेषरावांनी कोपऱ्यातल्या बुटक्या दाराकडे काठी केली. "हे कसलं दार? वाट आहे का इथून?" वाट आहे म्हटलं असतं तर साहेब वाकून त्यातून गेला असता. मोरोपंतांच्या स्वयंपाकघरात, तिथून पुढच्या, तिथून पुढच्या. सात घरांच्या बायका पदर सावरत कोपऱ्यांत दडल्या असत्या. आणि शेषरावांनी कचेरीत रंगवून सांगितलं असतं की आपल्या कमलाकांताच्या बोळात एकाची चूल दुसऱ्याच्या घरात आहे. "नाही, रावसाहेब," कमलाकांत म्हणाला होता. "कोनाडा आहे तो. फळी लावलीय." खुणांच्या तक्त्यात रस्त्याला खूण होती, विहिरीला होती, देवळाला, कबरीला, नाल्याला, सगळ्याला होती. तसल्या वाटेला नव्हतीच. मग खोटं तरी काय झालं? तो स्वतः त्या दारातून कधी पलीकडे गेला नव्हता. बोळातला एकही पुरुष गेला नव्हता. पुरुष जिथून जात नाहीत ती वाट कशी म्हणायची? असं त्यानं स्वतःला बजावलं आणि रेघ ओढली. फक्त एक गोष्ट त्याला आजवर नीट विसरता आली नव्हती. तो "कोनाडा" म्हणाला तेव्हा त्या फळीमागे बांगड्या वाजल्या होत्या. गोदावरी तिथेच उभी होती. तिनं ऐकलं होतं, आणि दोन वर्षांत त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पान पुन्हा कपाटात ठेवताना त्याचे हात गार पडले होते. वैशाखातला दिवस, खस लावलेल्या ताट्यांवर पाणी मारलं होतं, तरी हा गारठा वेगळा होता. त्याला अकोला आठवलं. आठवायचं नव्हतं. गोदावरीचं माहेर अकोल्याच्या जुन्या गावात, मोर्णेच्या अलीकडे. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तिथे. श्रावणात मोर्णेला पूर आला होता आणि मूल आडवं होतं. डॉक्टरीण पलीकडे, ताजनापेठेच्या बाजूला, जिथे स्टेशन, जिथे कचेऱ्या, जिथे सगळं नवं. नदीवरच्या फरशीच्या बुटक्या पुलावरून कमरेइतकं पाणी वाहत होतं. तो आणि सासरे रात्रभर काठावर उभे होते आणि पलीकडचे कंदील दिसत होते, अगदी जवळ, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या जवळ. सकाळी पाणी उतरलं तेव्हा डॉक्टरणीची गरज राहिली नव्हती. गोदावरी वाचली, मुलगा नाही. तेव्हा ती एकच म्हणाली होती: "पुढच्या वेळी मला कुठे नेऊ नका. पार्बताबाई आमच्या वाटेनं येईल. मध्ये नदी नाही." आणि आता त्याच वाटेवर विटा होत्या. आज जाऊन मोरोपंतांना सांगू, त्यानं ठरवलं. आज संध्याकाळी नक्की. मग त्याला मोरोपंतांचा चेहरा दिसला, आणि ते विचारतील तो प्रश्न ऐकू आला: दार होतं, तर तुम्ही दाखवलं का नाही? मग साहेब. मग शेषराव. खोटा नकाशा काढणाऱ्या कारकुनाला कोण ठेवतो? उद्या सांगू. अजून पंधरा दिवस आहेत.

पंधरा दिवस नव्हते. साडेबाराच्या सुमारास पटांगणात कुणाचा तरी आवाज चढला आणि पट्टेवाला कुणाला तरी अडवू लागला. कमलाकांतनं खिडकीतून पाहिलं. पार्बताबाईचा नवरा सहदेव माळी. तो रोज सकाळी बंगल्यांना भाजी घालायला कॅम्पात यायचा, पण या वेळी कधी नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोवलेलं, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"पंत, घरी चाला. बाईचं पोट दुखून राह्यलं."

"पार्बताबाई कुठे आहे? तिला—"

"ते केव्हाचीच गेली ना! तिथूनच तर तिनं मले धाडलं. पन जाईन कशी आत? मधल्या दारात भिताड बांधलं, अन् पुढचं दार आतून लावेल. बाई चुलीपाशी पडेल हाये, उठनं होत नाही तिले. आवाज देल्ला का हो म्हन्ते नुसती."

"मग फोडा ना दार!"

"सागाचं दार हाये, पंत, अन् आडवा अडसर. कोन फोडीन? बोळात मानूस हाये का एक तरी? सारे इकडंच तर हायेत तुमी!"

शेषरावांना सांगावं, रजा मागावी, हे त्याला सुचलंच नाही. पगडी टेबलावरच राहिली. तो धावत सुटला. रस्ता सरळ होता आणि संपत नव्हता. लिंबांच्या सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा होऊन बसल्या होत्या. टांगा नाही, माणूस नाही, कुंपणांमागून एक कुत्रं भुंकलं तेवढंच. एवढी मोकळी जागा आणि एकही दार असं नाही की जे ठोठावून म्हणावं, मला मदत करा. त्याच्या कानांत स्वतःचाच श्वास मोठमोठ्यानं वाजत होता आणि त्या आवाजात मधूनच त्याला मोर्णेचं पाणी ऐकू यायचं. तो देवाला काही तरी कबूल करत होता, काय ते त्यालाच कळत नव्हतं. मी सांगेन, मी सांगेन, एवढंच. मागून सहदेव धावत येत होता. "पंत, हळू, पडसान!" असं तो म्हणाला आणि तेवढ्यात कमलाकांत पडलाच. गुडघा फुटला. उठून पुन्हा धावला. फाटक बंद होतं. कापसाच्या गाठींची मालगाडी सावकाश सरकत होती, एकेक डबा, आणि तो रुळांपाशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. रडताना त्याला कुणी पाहिलं नाही.

परकोटाच्या दरवाजात शिरला आणि उलटंच झालं. इथे सगळेच पाहत होते. "अरे पंत, बोडके कुठे निघालात?" "काय झालं?" "गुडघ्याला रक्त कसलं?" एक गाडी आडवी, एक गाय आडवी, एक म्हातारा हात धरून विचारतोय. हात सोडवून घेताना कमलाकांत त्याच्यावर ओरडला. आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. बोळ वळला, पुन्हा वळला. अशी वळणं का घेतात ही माणसं, का नाही सरळ जात, असं त्याच्या मनात आलं. हाच विचार साहेबानं मोजणीच्या दिवशी बोलून दाखवला होता आणि तेव्हा त्याला त्याचा राग आला होता.

बोळ रिकामा होता. त्याच्या दारापाशी कुणीच नव्हतं. त्यानं दारावर मुठी आपटल्या, "गोदावरी!" अशी हाक मारली. नवऱ्यानं बायकोचं नाव घेऊन बोळात ओरडावं, असं त्या बोळात कधी झालं नव्हतं. आतून उत्तर नाही. सगळं संपलं, असं त्याला वाटलं, आणि तो दारातच खाली बसला. तेव्हा शेजारच्या घरातून धप्प असा आवाज आला. मग पुन्हा. मोरोपंतांचं दार सताड उघडं होतं. तो आत शिरला, ओसरी ओलांडली, चौक ओलांडला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकला, कारण परक्या घराच्या स्वयंपाकघरात तो कधी शिरला नव्हता.

बाकीच्या सहाही घरांतल्या बायका तिथे होत्या. दोघींच्या हातांत मुसळं, एकीच्या हातात वाडीतून आणलेली पहार. मोरोपंतांच्या पत्नी चारुशीलाबाई सगळ्यांत पुढे, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत चुन्यानं पांढरे. विटा फुटून खाली पडल्या होत्या, भगदाडातून माणूस वाकून जाईल एवढी जागा झाली होती आणि त्यातून त्याच्या घरातला काळोख दिसत होता. पार्बताबाई आत होती. तिचा आवाज येत होता, "जोर लाव वं माय, घाबरू नको, मी हावो ना." मग गोदावरीचा आवाज, तो त्याला ओळखूही आला नाही. कमलाकांतकडे कुणी वळून पाहिलं नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला. किती वेळ, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. बायका कुजबुजत होत्या, कुणी पाणी तापवत होती, कुणी त्याला बाजूला सारून निघून जात होती, आणि तो मनात फक्त कंदील मोजत होता, नदीपलीकडचे. मग एक बारीक, चिडलेलं रडणं आलं. पार्बताबाईनं भगदाडातून डोकं बाहेर काढलं.

"पोरगी झाली. दोघी बी चांगल्या हायेत. गुळपानी द्या आता तिले."

कमलाकांतचा जीव भांड्यात पडला. पडला, आणि लगेच भीती परत आली, जणू ती दाराशी तिष्ठत उभीच होती. कारण चौकात बुटांचा आवाज झाला होता. कुणी तरी कोर्टात निरोप दिला असावा. मोरोपंत उंबऱ्यावर आले, काळा कोट, हातात छत्री. त्यांनी विटा पाहिल्या, मुसळं पाहिली. बायका भराभर मधल्या दारांतून नाहीशा झाल्या, एकेक घर मागे. चारुशीलाबाई मात्र दाराआड सरकल्या आणि तिथेच थांबल्या.

"माझ्या भिंतीला हात कुणी लावला?" मोरोपंत शांतपणे म्हणाले. ते घरात कधी आवाज चढवत नसत. त्या शांत आवाजानं दाराआडचा श्वास थांबलेला कमलाकांतला ऐकू आला. या घरातही कुणी तरी रोज भितं, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

"मी," कमलाकांत म्हणाला.

"तुम्ही? तुमची पगडी कचेरीत टेबलावर आहे. शेषरावच सांगत होते." मोरोपंतांची नजर दाराकडे गेली. दाराच्या फटीतून चुन्यानं माखलेली चार बोटं दिसत होती.

"मीच फोडली, मोरोपंत," कमलाकांत पुन्हा म्हणाला. "आणि दोन वर्षांपूर्वी बांधली तीही मीच. तिथे दार होतं. मला माहीत होतं. मी साहेबाला खोटं सांगितलं."

"ह्याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"कळतो."

"लिहून द्याल?"

मोरोपंतांना वाटलं होतं, हा माणूस इथे गळपटेल. कमलाकांतलाही तसंच वाटलं होतं. पण आत ती पोर रडत होती. तो ओसरीवर आला, मोरोपंतांच्याच बैठकीपुढे बसला, त्यांचाच कागद पुढे ओढला. लिहिलं: बुधवाऱ्यातील सदर बोळाच्या नकाशात सहाव्या व सातव्या घरांमध्ये भिंत दाखवली आहे ती चूक असून तेथे पूर्वापार वाट आहे, ही वाट परकोटाच्या खिडकीपासून सातही घरांतून जाते, व ती मी जाणूनबुजून वगळली. एवढं लिहून तो थांबला. नकाशा काढणाऱ्याच्या हाताला पुढचा शब्द आपोआप आला होता: रुंदी. रुंदी त्याला माहीत नव्हती. आठ वर्षं गावाची इंचन्‌इंच मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातून निघणारी वाट किती रुंद आहे हे माहीत नव्हतं.

"रुंदी किती असेल?" त्यानं कुणाला विचारलं ते त्यालाच कळलं नाही. मोरोपंतांनाही माहीत नव्हतं.

"लिहा," दाराआडून आवाज आला. चारुशीलाबाई त्याच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "कडेवर घागर घेऊन एक बाई जाईल एवढी. समोरून दुसरी आली तर तिनं भिंतीला टेकून उभं राहायचं. आणि समोरची पोटुशी असली, तर घागरवालीनं एक घर मागं सरायचं."

"हे कुठलं माप?" मोरोपंत म्हणाले.

चारुशीलाबाई बाहेर आल्या. हात त्यांनी पदरात लपवले नव्हते.

"आमचं."

कमलाकांतनं टाक दौतीत बुडवला. उद्या हा कागद शेषराव वाचतील, परवा साहेब, आणि त्यानंतर काय होईल हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला भीती वाटत होती, आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी. त्यानं ते तसंच लिहिलं.